कसब रक्तात नसतं: लोहारकामाच्या वर्गातून काही प्रश्न

"ते त्यांच्या रक्तातच असतं हो, मॅडम." समाजकार्यात दहा-बारा वर्षं काढल्यावर हे वाक्य मला पाठ झालं आहे. घिसाड्याच्या पोराच्या रक्तात घण, कोल्हाट्याच्या मुलीच्या रक्तात नाच, वैदूच्या रक्तात जडीबुटी. आपल्या माणसांच्या रक्तात काय असतं असं हे लोक समजतात, ते इथे वेगळं सांगायला नको. बोलणाऱ्याचा सूर कौतुकाचा असतो. पण कौतुकाच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: "मग शाळेचा एवढा अट्टाहास कशाला? कला हातात आहे, उपाशी नाही मरणार ते."

ज्या तालुक्याच्या गावी मी काम करते, तिथे रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या मुलांच्या शाळाप्रवेशाचं आणि दाखल्यांचं काम मी बघते. एका सरकारी शिबिरात एका अधिकाऱ्यांनी सातवीतल्या एका मुलीकडे बोट दाखवून मला हेच ऐकवलं. शाळा अर्धवट टाकून ती आईसोबत घण मारायला लागली होती. साहेबांना त्यात शाळागळती दिसली नाही, परंपरा दिसली. तेव्हा मी ठरवलं, हे रक्तातलं काम नेमकं काय असतं ते एकदा हाताने करून बघू.

शहरात एका ठिकाणी नवशिक्यांसाठी लोहारकामाचा वर्ग चालतो. सहा रविवार, फी 2,500 रुपये. आम्ही आठ जण होतो. इंजिनिअरिंगची दोन मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक आर्किटेक्ट बाई, दोन शेतकरी तरुण, एक शाळामास्तर आणि मी. वर्गातल्या कुणाच्याही सात पिढ्यांत कुणी ऐरणीसमोर बसलेलं नव्हतं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुझ्या आज्याने गावकीचं काम सोडलं म्हणून तू एमए झालीस. आणि आता पैसे भरून घाव घालायला चाललीस?" आईचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याच्याकडे पुढे येतेच.

पहिल्या रविवारी भट्टी आणि एक साधा आकडा. दुसऱ्या रविवारी भोक पाडायचा पंच, तिसऱ्या रविवारी छिन्नी. पुढचे तीन रविवार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून एक खुरपं. पहिली गोष्ट शिकवली ती रंग वाचायची. लोखंड मंद लाल असताना फारसं वळत नाही, नारिंगी-पिवळं झालं की मेणासारखं ऐकतं, आणि पांढरं होऊन ठिणग्या सोडायला लागलं की जळायला लागलं. भट्टीची जागा अंधारी का असते, ते मला तेव्हा कळलं. उन्हात रंग कळत नाही. गावात ज्याला आपण लोहाराची कळकट खोली म्हणतो, त्या अंधाराला कारण आहे.

दुसरी गोष्ट घाव घालण्याच्या क्रमाची. गोल सळईला टोक काढायचं तर थेट गोल ठोकत बसायचं नाही, टोक आतून चिरतं. आधी चौकोन, मग त्याचे कोपरे मोडून अष्टकोन, मग गोल. लोखंड थंडावलं की थांबायचं आणि पुन्हा ताव द्यायचा. थंड पोलादावर जोर काढला तर तडा जातो. म्हणजे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. सगळ्यात सडपातळ असलेल्या आर्किटेक्ट बाईंचं टोक सगळ्यांत सरळ आलं.

तिसरी गोष्ट 'पाणी देण्याची'. आपण 'पाणीदार' शब्द सहज वापरतो. हत्याराला पाणी देणं म्हणजे पोलाद ठरावीक तापमानापर्यंत नेऊन झटकन थंड करणं. ते तापमान ओळखायला आमच्या सरांनी चुंबक वापरला. साधारण 770 अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. तिथून जरा वर नेऊन तेलात बुडवायचं. मग कानस लावली तर ती घसरते, पातं इतकं कठीण होतं. पण ते काचेसारखं ठिसूळही होतं. सरांनी मुद्दाम एक तुकडा तसाच ठेवून हातोड्याने टकदिशी मोडून दाखवला. म्हणून पातं घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलकं तापवायचं. पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो, साधारण 220 पासून 300 अंशांपर्यंत. कोणत्या रंगाला थांबायचं ते हत्याराच्या कामावर ठरतं. साध्या सळईला हे पाणी बसतच नाही, कारण तिच्यात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. रस्त्यावरचा घिसाडी भंगारातून नेमका कमानपाटाच का उचलतो, त्याचं उत्तर हे आहे.

आता यात रक्त कुठे आहे? रंग डोळ्याने दिसतो, क्रम सांगता येतो, चुंबक दहा रुपयांना मिळतो. बँकेतले काका सहाव्या रविवारी आपलं खुरपं घेऊन घरी गेले. हात बसायला वर्षं लागतात, आमच्यातला कुणीही लोहार झालेला नाही, हे खरंच. पण वर्षं लागणं वेगळं आणि जन्म लागणं वेगळं. वर्षं कुणीही देऊ शकतो. जन्म मात्र एकदाच मिळतो, आणि तो मागून घेता येत नाही.

आमचे सर स्वतः लोहार घरातले. ते म्हणाले, "वडिलांनी मला कधी कारण सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं. चुकलं की पाठीत धपाटा. कार्बन हा शब्द मी आयटीआयमध्ये ऐकला, आणि मग वडील काय करत होते ते मला कळलं." गुरु-शिष्य परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ऐकावं. ज्या परंपरेत कारण विचारायची सोय नाही, तिथे हात तयार होतो आणि डोकं बाहेर ठेवलं जातं. आणि ज्याचा जन्म त्या घरात नाही, त्याने चोरून शिकलं तर काय होतं, ते एकलव्याच्या अंगठ्याने आपल्याला केव्हाच सांगून ठेवलं आहे.

बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये हाच मुद्दा मुळातून मांडला. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची तयारी यांना तिथे किंमत नाही. आईबापाच्या दर्जावरून काम आधीच ठरलेलं. त्याच वर्षी गांधीजींनी 'हरिजन' मधून उत्तर देताना वडिलोपार्जित धंदा करून पोट भरावं या वर्णाच्या नियमाची पाठराखण केली, आणि बाबासाहेबांनी 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा समाचार घेतला. हा वाद संपला असं ज्यांना वाटतं त्यांनी आजच्या योजना वाचाव्यात. त्याआधी गावगाड्यातली एक वस्तू बघू.

वर्गात हवेसाठी विजेचा पंखा होता, पण भिंतीवर एक जुना कातडी भाता टांगलेला होता. सर लोहारकीचा इतिहास सांगत होते आणि मी त्या कातड्याकडे बघत होते. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेलं महाराने. कातडं कमावलं ढोराने. शिवलं चांभाराने. मग तो भाता लोहाराच्या खोलीत आला, त्याने भट्टी फुलली, नांगराचा फाळ झाला आणि पाटलाचं शेत नांगरलं गेलं. चार जातींचे हात एका भात्यात आहेत, पण हे चौघे एका पंगतीला बसले नाहीत. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत लोहार, सुतार आणि महार पहिल्याच ओळीत येतात. म्हणजे गावाची गरज पहिल्या ओळीची, आणि महाराचं घर मात्र वेशीबाहेर. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द मी एमएला असताना पुस्तकात वाचला. त्या भिंतीवर तो कातड्याचा होऊन टांगलेला होता.

आता आईच्या प्रश्नाकडे. आमच्या आज्याने काम सोडलं ते श्रमाला कंटाळून नाही. त्याने सोडली ती सक्ती. मेलेलं जनावर ओढायचं कारण तू महार, हा हुकूम त्याने नाकारला. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी जे सांगितलं, 1956 ला नागपूरला ज्याची दीक्षा घेतली आणि 1958 च्या कायद्याने वतनाचं जे जोखड उतरलं, त्या सगळ्याचा अर्थ आमच्या घरात एवढाच होता की काम आम्ही निवडू. त्यानंतर आपली माणसं घरी बसली नाहीत. रेल्वेत, गोदीत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, गिरण्यांत त्यांनी घाम गाळला. आणि तिथेही जात आडवी आलीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणखातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. 1928 च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्र नवं होतं, कारखाना नवा होता, पण कसबाच्या दाराला कुलूप जुनंच. म्हणून आईला मी सांगितलं, आज्याने जे दार आपल्यासाठी उघडलं त्याच दारातून मी ऐरणीपाशी गेले. मला तिथे कुणी जन्मावरून बसवलं नाही, आणि उद्या उठायचं म्हटलं तर कुणी अडवणार नाही.

ही मोकळीक वस्तीतल्या त्या सातवीच्या मुलीला आहे का? लेखाचा खरा प्रश्न हा आहे.

मी माझं खुरपं घेऊन वस्तीत गेले. तिच्या आईने ते हातात घेऊन उन्हात फिरवलं, नखाने धार बघितली आणि म्हणाली, "पाणी बरं बसलंय, ताई. पण पातं जाड ठेवलंय. तणाच्या आधी निंदणारी दमेल." सगळे हसले, मीही. मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "तुम्ही शिकायला गेलता. आम्ही कधी शिकायला गेलो नाही. आम्हाला करायलाच बसवलं."

मी तीन रविवार घालवून एक खुरपं केलं आणि त्यासाठी पैसे भरले. ती नवऱ्यासोबत रोज ढिगाने करते. तो सांडशीत लोखंड धरतो, ती उभी राहून घण मारते. तिने खुरप्याचे शंभर सांगितले की गिऱ्हाईक साठ म्हणतं आणि वर "कारखान्याचं चाळीसला मिळतं" असं ऐकवतं. तिकडे शहरातल्या प्रदर्शनात 'हॅन्डमेड' अशी चिठ्ठी लावलेली सुरी हजारो रुपयांना जाते. पोलाद तेच, ताव तोच, पाणी तेच. हातोडा कुणाच्या हातात आहे त्यावर भाव ठरतो. आम्ही वर्गात घाव घातला तर छंद, तिने घातला तर पोटासाठीची वणवण. आमच्या शिक्षकांना आम्ही 'सर' म्हणतो. तिच्या नवऱ्याला शाळकरी पोरंही 'ए घिसाड्या' म्हणतात.

मराठी माणसाला लोहाराचा कळवळा नाही असं नाही. 'साधी माणसं' या 1965 च्या सिनेमातलं ऐरणीचं गाणं आजही घराघरांत ऐकू येतं. पण गाण्याने डोळ्यांत पाणी येतं, घण मारणाऱ्या बाईच्या खांद्याचं दुखणं थांबत नाही. श्रमाचं गाणं करणं सोपं असतं. त्या श्रमातून बाहेर पडायचा रस्ता करून देणं अवघड असतं.

आता योजनांकडे. 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहारासह 18 पारंपरिक व्यवसाय तिच्यात आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज. पैसा मिळतोय तो माझ्या माणसांनी घ्यावा, मी स्वतः अर्ज भरून दिले आहेत. योजनेच्या कागदावर जातीची अट नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करते. पण व्यवसाय कुटुंबात चालत आलेला असावा ही चौकट आहे, गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबाधारित कसब बळकट करणं हे उद्दिष्ट आहे, आणि वय 18 पूर्ण झालं की पात्रता आहे. ज्या वयात वरच्या घरातला मुलगा कॉलेज निवडतो, त्या वयात घिसाड्याच्या मुलापुढे बापाची ऐरण ठेवायची. दांडगाई कुठेच नाही, सगळं अनुदानाने. हा मनू काठी घेऊन येत नाही, टूलकिट घेऊन येतो.

असा प्रयोग देशात आधीही झाला आहे. 1953 ला मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचा वेळ कमी केला आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापाचं काम शिकावं अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटलं, पेरियार रस्त्यावर उतरले, राजाजींना पद सोडावं लागलं आणि 1954 ला योजना गुंडाळली गेली. त्याच तामिळनाडूने नोव्हेंबर 2024 मध्ये विश्वकर्मा योजना आहे तशी राबवायला नकार दिला. त्यांची मागणी होती, कौटुंबिक व्यवसायाची अट काढा आणि किमान वय 35 करा, म्हणजे शिकायच्या वयातलं पोर धंद्याला जुंपलं जाणार नाही. आपल्या फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात या अटींवर किती चर्चा झाली, ते ज्याने त्याने आठवून बघावं.

आणि गंमत बघा. महाराष्ट्रात घिसाडी हे भटक्या जमाती (ब) मध्ये येतात. जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचं घर बैलगाडीवर होतं, ज्यांचा मुक्काम गावोगाव बदलत होता, त्यांच्याकडे 1961 चा कागद कुठून येणार? रस्त्यावर घण मारणाऱ्या या बाईची जात सगळ्या गावाला लांबून कळते. दाखल्याच्या खिडकीशी मात्र ती कुणालाच कळत नाही. तिला धंद्यात ठेवायला तिची ओळख पुरते आणि तिच्या मुलीला शिष्यवृत्ती द्यायला पुरत नाही. 2008 च्या रेणके आयोगापासून भटक्यांच्या कागदपत्रांचं हे रडगाणं सरकारदरबारी पडून आहे.

मग काय, हातकाम वाईट आणि फक्त खुर्चीवरचं काम चांगलं? मुळीच नाही. या बाबतीत मला तथागतांकडे बघावंसं वाटतं. बुद्धांचं शेवटचं जेवण पावा इथल्या चुंदाकडे झालं. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा, आपल्या भाषेत लोहार. त्या जेवणानंतर बुद्ध आजारी पडले, तेव्हा लोक चुंदाला दोष देतील हे ओळखून त्यांनी आनंदाला सांगून ठेवलं की चुंदाच्या मनाला खंत लागू देऊ नका, त्याचं दान संबोधीच्या आधीच्या दानाइतकंच थोर आहे. हा कारागिराचा त्याच्या कामात राहून झालेला सन्मान. दुसरीकडे उपाली. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला दीक्षा दिली गेली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावं लागलं. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्याला मिळाला. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याच्या मुखातून संघाने नियम ऐकले. हा कारागिराचा कामातून बाहेर पडून झालेला सन्मान. धम्मात दोन्ही वाटा आहेत. चुंदाने भट्टी सोडायला हवी असं नाही आणि उपालीने वस्तरा धरून ठेवायला हवा असंही नाही.

बाबासाहेब यंत्राच्या बाजूने होते तेही याचसाठी. यंत्राने माणसाला सवड मिळते आणि सवडीतून शिक्षण आणि संस्कृती येते, असं ते गांधीवादाला सुनावत होते. 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणाकडे लक्ष दिलं, आणि कारखान्याचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणणारं विधेयक मांडलं. हातोडा हातात असलेल्या माणसाची काळजी अशी करायची असते, तासांत, मजुरीत, प्रशिक्षणात. हार घालून आणि जयंती साजरी करून नव्हे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे काही मागण्या ठेवते. एक, कसबाच्या सगळ्या योजनांतून घराण्याची चौकट काढा. ज्याला शिकायचंय तो शिकेल, मग तो कुठल्याही घरातला असो. दोन, शाळेच्या आणि कॉलेजच्या वयाच्या मुलांना धंद्यासाठी नाही, शिक्षणासाठी पैसा द्या. तीन, भटक्यांच्या दाखल्यासाठी 1961 च्या कागदाऐवजी गृहचौकशी आणि पंचनामा मनापासून स्वीकारा. चार, वीस-वीस वर्षं घण मारणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या कौशल्याचं प्रमाणपत्र द्या आणि आयटीआयमध्ये, शाळांच्या कार्यशाळांत त्यांना शिकवायला बोलवा, मानधन देऊन. त्या सातवीच्या मुलीची आई वर्गात उभी राहून इंजिनिअरिंगच्या पोरांना पाणी द्यायचं कसं ते शिकवते आहे, आणि पोरं तिला 'मॅडम' म्हणताहेत, हे चित्र कुणाला अशक्य वाटत असेल तर त्याने अशक्य का वाटतं ते स्वतःला विचारावं.

आपल्या समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनाही एक सांगणं आहे. आपण हातकामापासून लांब पळू नये. आपल्या आज्यांनी घाम नाकारला नव्हता, लाचारी नाकारली होती. वेल्डिंग शिका, लोहारकाम शिका, सुतारकाम शिका, त्यामागचं शास्त्र शिका, आणि ज्यांना यातून बाहेर पडायचंय त्यांच्यासोबत दाखल्याच्या रांगेतही उभे राहा. कसबाच्या दारातून मला 2,500 रुपये भरून आत जाता आलं. त्याच दारातून त्या मुलीला पैसे न भरता बाहेर पडता आलं पाहिजे, आणि हवं तेव्हा हवी ती विद्या शिकून, वाटलं तर, परतही येता आलं पाहिजे. ते होईपर्यंत 'रक्तातलं कसब' या शब्दांना आपण कौतुक म्हणू नये. ती जातच आहे, नुसती गोड आवाजात बोलणारी.

जय भीम! नमो बुद्धाय!